खाडीकाठचा ठसा : नवी मुंबईत लेटरबॉक्सिंगचा माग कसा आखावा

नवी मुंबईत खाडीकाठी फिरायला येणाऱ्यांच्या एका नेहमीच्या वाटेवर झाडलोटीचे सामान ठेवण्याची लहानशी खोली आहे. तिच्यात खराट्यांच्या वर खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असते. पिशवीत घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा आणि डब्यात दोऱ्याने शिवलेली वही व खोडरबरावर कोरलेला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्याचा ठसा आहे. ज्याला कोडे सुटते तो चालत किंवा सायकलने तेथवर येतो, डब्यातला ठसा आपल्या वहीत उमटवतो, आपला ठसा डब्यातल्या वहीत उमटवतो, तारीख लिहितो आणि डबा परत देतो. लेटरबॉक्सिंग म्हणतात ते एवढेच. खोली नेमकी कोठे आहे हे येथे सांगत नाही, कारण ते कोड्यात बांधलेले आहे. मात्र असा डबा कोठे ठेवावा, ठसा कसा कोरावा, कोडे कसे रचावे आणि हे सगळे आपल्या हवेत कसे टिकवावे, ते तीन हंगामांच्या अनुभवावरून सविस्तर मांडत आहे.

छंद मूळचा इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूर या ओसाड, दलदलीच्या पठारावरचा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी; त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, जेम्स पेरट या वाटाड्याने पठारावरच्या क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो पोहोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकून जावे, अशी ती कल्पना होती. पुढे लोक पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले आणि नंतर येणारा ती उचलून टपालात टाकू लागला; ‘लेटरबॉक्स’ हे नाव त्यावरून पडले. वही आणि रबरी ठसे त्यानंतरचे. १९९८ मध्ये एका अमेरिकी मासिकातील लेखानंतर हा छंद अमेरिकेत पसरला. मे २००० मध्ये सुरू झालेले जिओकॅशिंग हे याचे धाकटे भावंड म्हणता येईल, पण तेथे उपग्रहाचे आकडे डब्यापर्यंत नेतात, येथे शब्द नेतात. मराठीत कोडी, उखाणे आणि हुमाणे यांची परंपरा जुनी आहे, तेव्हा हा छंद आपल्याकडे रुजायला भाषेची अडचण मुळीच नाही. अडचण आहे ती डबा ठेवण्याची.

माझा पहिला डबा मी पुस्तकी पद्धतीने, म्हणजे दगडांच्या फटीत, पालापाचोळ्याखाली लपवला होता. चौथ्या दिवशी तो नाहीसा झाला. आठवडाभराने सकाळी फिरताना वाट झाडणाऱ्या मावशींना सहज विचारले, तर त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि खोलीतून डबा आणून हातात दिला. “ताई, डबा चांगला होता, कोणाचा तरी राहिला असेल म्हणून ठेवला. पण असं दगडात ठेवू नका हो, लोक घाबरतात.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. रेल्वेच्या फलाटांवर बेवारस वस्तूंबद्दलची उद्घोषणा रोज ऐकणाऱ्या शहरात झुडपात दडवलेला डबा पाहून कोणाच्याही छातीत धडकी भरेल, आणि ती भरलीच पाहिजे. डार्टमूरच्या निर्जन माळावर जे चालते ते येथे चालणार नाही. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळत आले आहे : लपवायचे ते सगळे कोड्यात लपवावे, डबा मात्र कोणाच्या तरी नजरेखाली आणि जबाबदारीवर असावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर उभ्या आहेत.

वाट आणि जागा

पाण्याकाठची वाट या छंदाला फार सोयीची असते, कारण पाणी एका हाताला असले की शोधणारा दिशा चुकत नाही आणि कोडे रचणाऱ्यालाही “पाणी डावीकडे ठेवून चाला” एवढ्या तीनचार शब्दांत अर्धा रस्ता सांगता येतो. नवी मुंबईला नदीऐवजी खाडी आहे. ठाण्याची ही खाडी उत्तरेला एका अरुंद फाट्याने उल्हास नदीशी जोडलेली आहे आणि दक्षिणेला मुंबई बंदराकडे रुंदावत जाते. वाशीचे सागर विहार आणि मिनी सी-शोअर, सारसोळेची जेट्टी, नेरुळचा ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ म्हणून ओळखला जाणारा तलाव, करावे गाव आणि बेलापूरचे किल्ले गावठाण ही या काठाची सर्वांना ठाऊक असलेली ठिकाणे आहेत. ठाण्यात राहणाऱ्यांना गायमुख, कोलशेत किंवा मासुंदा आणि उपवन तलावांच्या काठी असाच माग आखता येईल.

चालणाऱ्यांसाठी माग आखताना दोन डब्यांमध्ये अर्धा ते एक किलोमीटर अंतर पुरते, आणि तीन-चार डबे झाले की सुट्टीची एक सकाळ भरते. सायकलस्वारांसाठी हेच अंतर तीन-चार किलोमीटरपर्यंत नेता येते. मात्र पामबीच रस्त्याचा भर वाहतुकीचा भाग कोड्यात कोठेही येऊ देऊ नये. तेथे गाड्या फार वेगात असतात आणि हातात कोड्याचा कागद असलेल्या माणसाचे लक्ष रस्त्यावर नसते. कोडे सोडवताना थांबावे लागते, मागे वळावे लागते, पावले मोजावी लागतात. हे सगळे तलावाभोवतीच्या वाटेवर, विहार उद्यानात किंवा सेक्टरच्या आतल्या रस्त्यावरच घडेल अशी रचना करावी आणि रस्ता ओलांडण्याची वेळ आलीच तर ती सिग्नलवर यावी.

कोठे ठेवू नये, हे अधिक काळजीने ठरवावे लागते. पहिली वर्ज्य जागा म्हणजे कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली असून त्यांच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित ठरवला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारण पायाखालीच दिसते. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, त्यांतूनच ती श्वास घेतात, आणि दहा माणसे एका डब्यासाठी त्यांच्यावरून चालत गेली तर ती मोडतात. दुसरी वर्ज्य जागा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ मध्ये घोषित झालेले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आलेले हे अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान आहे; तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही नेऊ वा ठेवू नये. तिसरी जागा नेरुळ आणि सीवूड्स भागातली रोहित पक्ष्यांची पाणथळे. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी विसाव्यासाठी या पाणथळांवर येतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याजवळ वावर वाढवणे म्हणजे त्यांची विश्रांती मोडणे होय. याखेरीज रेल्वे स्थानके, पूल, जेट्ट्या, विजेच्या पेट्या, पेट्रोल पंप आणि सरकारी इमारती यांच्या आसपास डबा ठेवण्याचा विचारही करू नये.

डब्याचा पालक

जागा ठरली की पालक शोधावा, किंवा खरे तर पालक आधी शोधावा आणि त्याच्याभोवती माग आखावा. सायकलचे पंक्चर काढणारा दुकानदार, चहाची टपरी, नारळपाणीवाला, उद्यानाचा माळी, सोसायटीचे वाचनालय यांपैकी कोणीही चालतो. पाहायचे ते एवढेच की तो माणूस त्या जागी रोज ठरावीक वेळी असतो आणि त्याला हा खेळ आवडला आहे. त्याला पहिल्या दिवशी डबा उघडून आतली प्रत्येक वस्तू दाखवावी, ठसा उमटवून द्यावा, आणि स्पष्ट शब्दांत सांगावे की कंटाळा आला तर कोणत्याही दिवशी फोन करा, डबा त्याच दिवशी उचलून नेईन. या एका वाक्याने पुढचे सगळे संकोच मिटतात. टपरीवर सकाळी आठ ते नऊ गर्दी असते, माळ्याची दुपारी जेवणाची सुट्टी असते. अशा वेळा पालकाकडून विचारून कोड्याखाली लिहाव्यात, म्हणजे कोणी भलत्या वेळी जाऊन त्याला त्रास देणार नाही.

येथे परवलीच्या शब्दाचा फार उपयोग होतो. कोड्याचे उत्तर एका शब्दात येईल असे रचावे आणि तो शब्द पालकाला सांगून ठेवावा. शोधणारा आला की पालक विचारतो, “शब्द काय?” बरोबर शब्द आला की डबा मिळतो. यामुळे केवळ कोणाकडून तरी ऐकून आलेल्याला डबा मिळत नाही, शोधणाऱ्याला आपण खरोखर काही उकलल्याचा आनंद मिळतो, आणि पालकही खेळात ओढला जातो. आमच्या मावशी आता चुकीचा शब्द सांगणाऱ्याला हसून परत पाठवतात आणि जवळ आलेल्याला “वाटेवरच्या पाटीत बघा” असे एक जादा सूत्रही देतात, जे मी त्यांना कधी सांगितले नव्हते.

सार्वजनिक उद्यानात किंवा महानगरपालिकेच्या वाटेवर डबा ठेवायचा असेल, तर उद्यान विभागाला किंवा विभाग कार्यालयाला साधे पत्र द्यावे. पत्रात डब्याचे छायाचित्र, नेमकी जागा, पालक कोण आणि किती काळासाठी हे लिहावे, व त्याची पोच घ्यावी. परवानगी मिळेपर्यंत डबा खासगी जागेतच असावा. डब्याच्या झाकणावर बाहेरून वाचता येईल अशी चिठ्ठी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावावी. माझ्या डब्यावर पुढील मजकूर आहे : “हा खेळाचा डबा आहे. आत फक्त वही आणि रबरी ठसा आहे. शंका वाटल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.” खाली माझा क्रमांक आहे. डबा पारदर्शकच हवा, याबाबत तडजोड करू नये. आणि शोधणाऱ्यांनाही हे बजावून सांगावे की कोड्यात नसलेली, चिठ्ठी नसलेली कोणतीही वस्तू वाटेवर दिसली तर तिला हात न लावता दूर जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

ठसा कोरणे

या छंदाचा जीव ठशात आहे. विकतचा शिक्का चालतो, पण स्वतः कोरलेल्या ठशाला जी किंमत आहे ती त्याला नाही, आणि कोरणे वाटते तितके कठीणही नाही. पहिल्या ठशासाठी मोठे, मऊ पांढरे खोडरबर घ्यावे. सराव झाला की चित्रकलेच्या दुकानातून ठसे कोरण्याचा रबरी ठोकळा किंवा लिनोचा तुकडा आणावा. हत्यारे दोनच लागतात : इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या टोकाचा लिनो कटर आणि धारदार कागद कापायचे पाते.

चित्र आधी ट्रेसिंग पेपरवर मऊ, म्हणजे ४बी पेन्सिलीने दाट काढावे. तो कागद चित्राची बाजू खाली करून रबरावर ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने घासावा; पेन्सिलीचे ग्रॅफाइट रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटे होते, त्यामुळे छापल्यावर ते सुलट येते. अक्षरे असलेल्या ठशात हे विशेष महत्त्वाचे आहे. रबरावर थेट ‘नेरुळ’ लिहून कोरले तर वहीत ते आरशातले उमटते, आणि ही चूक जवळपास प्रत्येकाकडून एकदा होते. देवनागरी अक्षरे कोरायला एका अर्थाने सोपी आहेत, कारण शिरोरेखा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते आणि सुटी अक्षरे मोडण्याची भीती राहत नाही. मात्र ‘ठ’, ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातली लहानशी जागा कोरताना घाई केली तर अक्षराचा काठच उडतो. अशा अक्षराचे पोट सगळ्यांत आधी कोरावे, तेव्हा भोवतीचे रबर अजून शाबूत असते आणि आधार देते.

कोरताना हत्यार स्थिर धरावे आणि रबर फिरवावे. गोलाई यानेच सुबक येते. पाते चित्राच्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवावे, म्हणजे रेषेचा उंचवटा खाली रुंद आणि वर अरुंद, बांधासारखा राहतो. उलट कलते धरले तर रेषेच्या खालचे रबर पोखरले जाते आणि दहा-वीस ठशांनंतर ती रेष वाकू लागते. माझ्या पहिल्या रोहित पक्ष्याचे पाय असेच गेले. मी ते केसाएवढे बारीक कोरले होते, आणि तिसऱ्या छापालाच एक पाय शाईच्या पॅडवर चिकटून राहिला. दुसऱ्या ठशात पक्षी गुडघाभर पाण्यात उभा केला. पाण्याच्या दोन आडव्या रेषांनी पायांना दोन्ही बाजूंनी आधार दिला आणि तो ठसा आजही चालतो आहे. दीड मिलिमीटरपेक्षा बारीक रेष ठेवूच नये. थोडे कोरावे, शाई लावून कागदावर छापून पाहावे, पुन्हा कोरावे. जास्तीचे रबर कधीही काढता येते, गेलेले परत लावता येत नाही. शेवटी ठसा लाकडाच्या तुकड्यावर चिकटवला की तो सरळ दाबता येतो.

आपल्या परंपरेत ठशाला मोठा मान आहे. मराठेशाहीतील पत्रांवर आरंभी शिक्का आणि शेवटी, मजकूर संपल्याची खूण म्हणून, मोर्तब उमटवत असत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यावरूनच आला. मी ही जोडी माझ्या मागावर वापरते. पहिल्या डब्यात मोठा शिक्का असतो आणि शेवटच्या डब्यात बोटाच्या पेराएवढे लहान मोर्तब. पूर्ण माग चाललेल्याच्या वहीत दोन्ही असतात, आणि कोणी मधूनच परतला असेल तर तेही वहीच सांगते.

वही आणि डबा

खाडीच्या खारट, दमट हवेत लोखंड टिकत नाही. पिना मारलेली किंवा तारेच्या स्पायरलची वही एका पावसाळ्यातच गंजते आणि तांबूस डाग पानापानांत पसरतात. म्हणून १२० जीएसएमच्या (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा जाड, कोरा कागद घ्यावा, दुमडून मधोमध सुईदोऱ्याने शिवावा. तळहाताएवढी, चाळीसेक पानांची वही पुरते. शाळेच्या वहीचा पातळ कागद घेतला तर ठशाची शाई मागे फुटते. शाईबाबत एवढे लक्षात ठेवावे की पाण्यात विरघळणारी शाई दमट पानांवर पसरते. रंगद्रव्याची शाई वाळायला वेळ घेते, पण टिकते. शाईचे पॅड डब्यात ठेवू नये, ते उन्हाळ्यात सुकते किंवा सांडते. ते शोधणाऱ्याने आपले आणावे. डब्यात लिहायला पेन्सिल ठेवावी, कारण बॉलपेनची शाई ओलसर कागदावर उठत नाही.

डबा झाकणात रबरी कड असलेला आणि चारही बाजूंनी खटका लागणारा घ्यावा. तो विकत घेतल्यावर आत टिश्यू पेपर ठेवून बादलीत तासभर बुडवून पाहावा. टिश्यू कोरडा निघाला तरच तो वापरावा. वही आणि ठसा वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवावेत, आणि नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आत टाकाव्यात. खाण्याचे काही, चॉकलेटसुद्धा, आत ठेवू नये. मुंग्या आणि घुशी झाकणावरची चिठ्ठी वाचत नाहीत. सुगंधी खोडरबराचा ठसाही याच कारणासाठी टाळावा.

कोडे रचणे

कोडे रचण्यापूर्वी वाट स्वतः किमान तीनदा चालावी : एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी आणि एकदा उधाणाच्या भरतीला. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते आणि पुढे रोज साधारण ५० मिनिटांनी सरकते. अष्टमीच्या सुमारास पाणी फार चढत नाही, त्याला कोळी बांधव भांग म्हणतात. ओहोटीला दिसणारा दगड किंवा पायरी खुणेसाठी घेतली तर उधाणाला ती पाण्याखाली असते आणि शोधणारा तासभर तेथेच घुटमळतो. खूण अशी हवी की जी भरतीतही दिसते, पाने गळली तरी ओळखू येते आणि पुढच्या सहा महिन्यांत रंगरंगोटीत पुसली जाणार नाही. दुकानांच्या पाट्या आणि फलकांवरची चित्रे यासाठी निरुपयोगी ठरतात.

अंतर आणि दिशा सांगण्याचे तीन मार्ग आहेत. पावलांनी सांगायचे असेल तर आपले पाऊल आधी मोजून घ्यावे. मोजलेल्या १०० मीटरला माझी १३४ पावले होतात, उंच माणसाची कमी होतील, म्हणून साठ-सत्तर पावलांपेक्षा मोठे अंतर पावलांत देऊ नये आणि शेवटी नेहमी एक पक्की खूण द्यावी. सायकलस्वारांसाठी चाकाचे फेरे हे फार गमतीचे माप आहे. चाकाचा वॉल्व्ह जमिनीला टेकेल तेथे खडूने रेघ मारावी, सायकल हाताने पुढे न्यावी, वॉल्व्ह पुन्हा खाली येईल तेथे दुसरी रेघ मारावी आणि मधले अंतर फितीने मोजावे. २६ इंची चाकाला ते दोन मीटरहून थोडेसे जास्त भरते, म्हणजे १०० मीटरला साधारण ४८ फेरे. दिशा होकायंत्राच्या अंशांत दिली तर कोड्याला नेमकेपणा येतो. मुंबई-ठाणे परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे नकाशावरचा कोन जसाच्या तसा देता येतो. मात्र होकायंत्र किंवा मोबाइलमधले होकायंत्र वापरताना सायकल, लोखंडी कठडा आणि दिव्याचा खांब यांपासून चार-पाच पावले दूर उभे राहावे, एरवी काटा भलतीकडे वळतो.

आता नमुन्यादाखल एक कोडे देते. ते प्रत्यक्ष मागाचे नाही, पण रचना तशीच आहे.

भरतीला जे दार मिटे, ओहोटीला उघडे,
त्याच्याकडे पाठ फिरवून चाला पूर्वेकडे.
साठ पावलांवर दिसेल ज्याच्या पानावर मीठ,
नाव त्याचे पाटीवरचे वाचून घ्यावे नीट.
बाकावरती बसून ऐका, खराटा कोठे वाजतो,
नाव सांगा त्या हातांना, डबा तेथे राहतो.

पहिल्या ओळीतले दार म्हणजे धारण तलावाची झडप. नवी मुंबई खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवताना असे तलाव बांधले गेले. भरती आली की झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात आणि खाडी आत शिरत नाही, ओहोटी लागली की त्या उघडून साचलेले पावसाचे पाणी बाहेर जाते. कोडे सोडवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो विचारतो, शोधतो, आणि रोज ज्या झडपेवरून चालत जातो तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहतो. पानावरचे मीठ म्हणजे तिवर. हे झाड मुळांवाटे आत आलेले जादा मीठ पानांतून बाहेर टाकते आणि कोरड्या दिवशी पानाच्या पाठीवर त्याचे बारीक कण दिसतात. वाटेवरूनच दिसणारे, नावाची पाटी असलेले झाड निवडले म्हणजे कोणाला चिखलात उतरावे लागत नाही. खराटा वाजण्याची ओळ पालकाकडे नेते आणि ‘तिवर’ हा परवलीचा शब्द ठरतो.

कोडे तयार झाले की वाट न पाहिलेल्या माणसाला ते देऊन त्याच्यामागे दहा पावले अंतर ठेवून गप्प चालावे. या कोड्याची दुसरी ओळ आधी “त्याच्याकडे पाठ करून” अशी होती. शेजारची सातवीतली मुलगी झडपेजवळ उभी राहिली आणि “काकू, पाठ काय करायचं? येथे तर काही लिहिलेलंच नाही,” असे म्हणाली. तिच्या दृष्टीने पाठ करणे म्हणजे कविता पाठ करणे. मी दोन महिने त्या ओळीवर खूश होते आणि ही दुहेरी वाट मला दिसली नव्हती. चाचणीच्या वेळी शोधणारा जेथे जेथे अडतो ती जागा लिहून घ्यावी, पण लगेच मदत करू नये. तो स्वतः सुटला तर ती अडचण कोड्याची गोडी आहे, पाच मिनिटांतही सुटला नाही तर तो कोड्याचा दोष आहे.

शोधणाऱ्यासाठी

सोबत आपली वही, आपला ठसा, शाईचे पॅड, ओले फडके, पेन्सिल आणि पाण्याची बाटली असावी. मागावर वापरायचे एक टोपणनाव ठरवून ठेवावे आणि डब्यातल्या वहीत खरे नाव, पत्ता वा फोन लिहू नये, कारण ती वही अनोळखी माणसांच्या हातात जाणार असते. पालकाला आधी नमस्कार करावा, शब्द सांगावा, डबा घेऊन जवळच्या बाकावर बसावे. दोन्ही ठसे उमटवून झाल्यावर डब्यातला ठसा फडक्याने पुसावा, पान वाळू द्यावे, पिशव्या पूर्ण मिटवाव्यात आणि चारही खटके लागल्याचा आवाज ऐकूनच डबा परत द्यावा. उत्तर कोणालाही सांगू नये आणि डब्याचे किंवा पालकाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. टपरीवाला पालक असेल तर त्याच्याकडे एक चहा घ्यावा, तेवढे सौजन्य हवेच.

जुन्या पोस्टकार्डांची रीतही आम्ही एका डब्यात पाळतो. शोधणारा आपल्या कोणा नातलगाला लिहिलेले, पत्ता घातलेले कार्ड डब्यात ठेवतो आणि आधीच्या माणसाचे कार्ड घेऊन जवळच्या लाल पेटीत टाकतो. कार्ड उघडे असते आणि अनोळखी हातांतून जाते, म्हणून त्यात खासगी मजकूर लिहू नये, क्षेमकुशल पुरे.

देखभाल आणि पावसाळा

महिन्यातून एकदा डबा स्वतः उघडून पाहावा. वहीला बुरशीचा वास येत असेल तर ती सावलीत, पंख्याखाली पाने उलगडून वाळवावी. कडक उन्हात कागद वाकतो. वही भरत आली की शेवटच्या दोन पानांवर ठसा येण्यापूर्वीच नवी ठेवावी आणि जुनी जपून घरी आणावी. पालक सुट्टीवर गेला, दुकान बंद झाले किंवा वाटेचे काम निघाले तर कोड्याच्या प्रतीवर लगेच “डबा सध्या जागेवर नाही” असे लिहावे, कारण लांबून सायकल मारत आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतवणे फार वाईट.

जून ते सप्टेंबर डबे घरी आणावेत, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. आपल्याकडे या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वाटा शेवाळाने निसरड्या होतात, आणि उधाणाची भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर सखल काठावर पाणी तुंबते. मेच्या अखेरीस मी सगळ्या पालकांकडून डबे गोळा करते, ठसे साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवते, झाकणांच्या रबरी कडा काढून पुसते आणि वहीत त्या हंगामाचे ठसे मोजते. पावसाळ्यात नवे ठसे कोरायला भरपूर वेळ मिळतो. मग कोजागिरी झाली, वाट कोरडी झाली, की पिशव्या पुन्हा खिळ्यांना जातात; मावशींकडची पिशवी सगळ्यांत आधी, कारण सप्टेंबरपासूनच त्या विचारू लागतात की यंदा शब्द कोणता.